एकतीस डबे

४ नोव्हेंबर

भाऊजी नाही म्हणाले. तोंडावर! जेवता जेवता, ताटावरून नजरसुद्धा न उचलता - "माझा खोकला मी माझ्या घरात खोकतो. तुझ्या डब्यात नाही." ताईने घाईघाईने मला वाढायला घेतलं. नको म्हणत असताना वाढलं.

आज सकाळीच आलेय आणि मुक्काम सव्वा महिन्याचा. म्हणजे जपून घ्यायला हवं. बहिणीचा नवरा, त्याचं घर, त्याचं मीठ. घर तरी कसलं त्याचं, कंपनीचं क्वार्टर! दोन खोल्या. खिडक्यांच्या फटींत ओली फडकी कोंबलेली, नाहीतर राख आत येते. ताई दिवसातून तीनदा ओटा पुसते. तीनदा पुसूनही तो राखाडीच.

पण नाही कसं म्हणतात? बारा डिसेंबरला जनसुनावणी आहे. जुन्या प्लांटला लागून चौपट मोठा नवा कोळशाचा प्लांट येणार आणि लोकांचं काय म्हणणं आहे ते ऐकायला वरचे साहेब येणार. त्याआधी बंद पडलेल्या पोस्टात माझं काम उभं राहायचंय. विरोध समितीच्या वकीलबाईंनी बोलावून घेतलं - मला! कलाकार म्हणून काढलेल्या आठ वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी आपण होऊन बोलावलं.

कल्पना माझीच. पोस्टात पत्रं लावायचं मोठं लाकडी कपाट आहे, एकतीस खणांचं. प्रत्येक खणात एक जेवणाचा डबा. झाकण उघडलं की आत जेवण नाही, खोकला! वाढदिवसाच्या गाणाऱ्या कार्डात चकती असते ना, उजेड पडला की वाजणारी, तीच आत बसवायची. वीस सेकंद. जुन्या प्लांटात आज कामावर असलेल्या एकतीस माणसांचे एकतीस खोकले. नाव नाही, चेहरा नाही, फक्त डब्यावर आकडा.

ज्याच्यासाठी करायचं तोच नाही म्हणतो. गाढवाला गुळाची चव काय!

७ नोव्हेंबर

माणसं आणून द्यायचं शेजारच्या रेडिओने कबूल केलं. हा निवृत्त वायरमन, पासष्टीच्या पुढचा. कॉलनीत सगळे त्याला रेडिओच म्हणतात, कारण बंद होत नाही. अजून कोणाचा दिवा गेला, पंखा अडला की यालाच हाक मारतात आणि हा पक्कड घेऊन पळतो.

आज स्वतःच इस्त्रीचा शर्ट घालून आला. खोकायला! चारदा खोकला. "वन्स मोअर पाहिजे का, आर्टिस्टबाई?" मी म्हटलं, तुमचा घेता येणार नाही, तुम्ही आता कामावर नाही. त्याचं तोंड एवढंसं झालं. "छत्तीस वर्षं राख खाल्ली, आणि माझा खोकला नापास?"

मी म्हटलं, नियम आहे. खरं कारण वेगळंच. त्याचा खोकला नाटकी आहे, भाषण दिल्यासारखा. दुष्टपणा आहे माझा, कबूल. पण कानाला खोटं बोलता येत नाही.

९ नोव्हेंबर

आज आठ जण. आणि एकालाही खोकता येत नाही! नुसता घसा खाकरतात, लाजतात, सॉरी म्हणतात. क्रेनवाल्याने तर तोंडावर रुमाल धरला. एवढा आडदांड माणूस आणि नवऱ्या मुलीसारखा!

शेवटी त्यानेच उलगडा केला. दरवर्षी कंपनीचा डॉक्टर तपासतो. पाच-सात मिनिटं त्याच्यासमोर उभं राहायचं आणि तेवढ्यात खोकायचं नाही. खोकला आला की अनफिट, अनफिट की क्वार्टर खाली. म्हणून ही माणसं खोकला गिळायला शिकलीत. गरम पाण्यात मीठ घालून प्यायचं, जीभ टाळूला दाबून धरायची आणि मनात शंभरपासून उलटे आकडे म्हणायचे. भाऊजी म्हणे त्यातले उस्ताद! नव्या लोकांना तेच शिकवतात. निवृत्तीला चौदा महिने राहिलेत, तेवढे गिळून काढायचेत.

वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मग एकही नाव बाहेर जाता कामा नये. एकही!" मी म्हटलं, अहो, नावं आहेत कुठे? माझ्या डोक्यात तेवढी.

१० नोव्हेंबर

युक्ती सापडली - जिना! पोस्टाचा जिना दोनदा चढायला लावते, मग माईक पुढे धरते.

१२ नोव्हेंबर

आता येतोय तो खरा माल. कोळसा उतरवणारा तिसऱ्या पायरीवर बसला तो बराच वेळ उठला नाही. मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. दुसऱ्या हाताने माईक धरलेलाच होता.

शेवटून दुसरा आला तो नवा फिटर. दोन महिन्यांपूर्वीच लागलाय, नदीपलीकडे हॉस्टेलात एकटा राहतो. इकडे कोणी त्याला ओळखत नाही आणि तोही कोणाशी बोलत नाही. रेडिओलाही ठाऊक नव्हता, मीच गेटवर गाठला. दोन महिन्यांत एवढा खोकला! मी त्याला शाबास म्हणाले. नंतर वाटलं, काय बोलले मी हे.

तीस झाले.

१५ नोव्हेंबर

सकाळी साडेपाचला ताई चहा टाकते. भिंतीपलीकडून खोकला आला, तर म्हणते, "रेडिओ उठला." मग वरून - "क्रेनवाल्याची पहिली पाळी दिसतेय." मग मागून - "बॉयलरवाल्याची आज सुट्टी, तरी उठला बघ." इथे घड्याळ लागत नाही म्हणे. मी वहीत टिपून घेतलं. पोस्टाच्या भिंतीवर लिहायला छान ओळ आहे.

आणि मग भाऊजी. न्हाणीघरात नळ पूर्ण सोडतात, आवाज दबावा म्हणून. पण दबतोय थोडाच! आधी बारीक, कोणी दारावर बोटाने वाजवावं तसा. मग खोलातून काहीतरी ओढत आणल्यासारखा. मग मध्येच थांबतो, श्वासच नाही! मी चहाचा कप धरून मोजत होते, सहा सेकंद काहीच नाही. आणि मग सगळं एकदम.

तीसच्या तीस डबे त्याच्यापुढे फुळकवणी चहा. लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला.

१७ नोव्हेंबर

घेतला. फोन धुण्याच्या टोपलीत ठेवला होता, ताईच्या साडीच्या घडीत. त्रेपन्न सेकंदांचं आलं. नळाचा आवाज काढायला अख्खी दुपार गेली. वीस सेकंदांत बसवायचं तर कुठून कापू? मधली शांतता काढली तर सगळंच गेलं. म्हणून सुरुवात कापली.

सतरा नंबर. अगदी मधला खण, छातीच्या उंचीवर.

२१ नोव्हेंबर

ताईने विचारलंच. कपडे वाळत घालत होती, पाठ माझ्याकडे. "ह्यांचा नाही ना गं घेतलास?"

"नाही."

"शपथ?"

"ताई, लहान आहोत का आपण?"

तिने पुढचा शर्ट झटकला. शपथ मी घेतली नाही, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या... जाऊ दे.

३० नोव्हेंबर

उद्घाटन झालं. सत्यानाश!

मला वाटलं होतं लोक रांगेने येतील. एकेक झाकण उघडतील, ऐकतील, मान खाली घालून निघून जातील. वकीलबाई दोन शब्द बोलल्या तोवर ठीक होतं. पहिलं झाकण उघडलं क्रेनवाल्याच्या बायकोने. पाच नंबर. वाजला, आणि ती फिस्सकन हसली! "अगं बाई, हा तर मागच्या चाळीतला लंगड्या!"

संपलं. मग काय, जत्रा! झाकण उघडायचं, कान लावायचा, ओळखायचं. रेडिओ तर कपाटाला पाठ लावून उभाच राहिला. "उघडा, उघडा! डोळे मिटून सांगतो... बॉयलरवाला! उघडा पुढचा!" याला डब्यात जागा दिली नव्हती ना मी, त्याचा सूड घेतला त्याने, सगळ्यांचे खोकले आपल्या खिशात घातले. निम्मे चुकत होता, तरी टाळ्या त्यालाच. पोरं खिदळत होती. वकीलबाई पांढऱ्या पडल्या.

मला काय माहीत? कोण कल्पना करेल की माणसं एकमेकांना खोकल्यावरून ओळखतात! आम्ही शहरात शेजाऱ्याचा चेहरा ओळखत नाही.

कंपनीचे वेल्फेअरचे साहेबही येऊन गेले. दाराशी हात मागे बांधून उभे होते. एकही झाकण उघडलं नाही त्यांनी.

आणि ताई. सतरासमोर आली, उघडलं. बाकीचे ऐकताना पुढे वाकत होते. ती तशीच ताठ उभी. वीस सेकंद पूर्ण होऊ दिले. झाकण लावलं, पदराने वरचे बोटांचे ठसे पुसले, गर्दी पांगेपर्यंत दारात उभी राहिली आणि मग घरी गेली.

१ डिसेंबर

"तुला इथे महिनाभर राहून एवढंही कळलं नाही?" एवढंच बोलली ताई. दिवसभरात तेवढंच.

भाऊजींना तिने सांगितलेलं नाही. ते पोस्टाकडे फिरकणारही नाहीत.

२ डिसेंबर

पेपरात आलं! पान तीन. "काळीज हलवणारं काम" असं म्हटलंय. हसण्या-खिदळण्याबद्दल चकार शब्द नाही. बातमीदाराला कला कळते म्हणायची. कात्रणं दोन काढली.

ताईला दाखवलं. तिने भाजी निवडता निवडता वाचलं आणि परत दिलं. माझ्याच बहिणीला माझ्याबद्दल काही म्हणावंसं वाटू नये! इथे आल्यापासून एकाही माणसाने विचारलं नाही की हे कसं केलंस, का केलंस. खोकले ओळखतात, काम ओळखत नाहीत.

६ डिसेंबर

नोटीस लागली. गेटवर, टाइप केलेली. "विशेष आरोग्य तपासणी." बाहेरगावच्या हॉस्पिटलात, तीन दिवस भरती ठेवून. पाच मिनिटं खोकला गिळता येतो, तीन दिवस कोण गिळणार?

खाली नावं. एकतीस. माझेच एकतीस.

भाऊजी नोटीस वाचून घरी आले, बूट न काढता आत आले. असे कधी येत नाहीत. ताईकडे बघून म्हणाले, "माझं नाव यात कसं?" ताईने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीतल्या फडक्याकडे पाहिलं. एवढं पुरलं त्यांना. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "पिशवी भर," ताईला म्हणाले, "दोन शर्ट आणि पंचा."

७ डिसेंबर

कंपनीच्याच बसने नेलं. बायका गेटपर्यंत गेल्या होत्या. परत आल्या त्या सरळ रेडिओच्या दारात.

मी ओट्यापाशी उभी राहून सगळं ऐकलं. "नाच करून नावं सांगत होतास ना?" "तुझं पेन्शन चालू आहे, आमच्या पोटावर पाय दिलास!" "साहेब दारात उभे होते, दिसले नाहीत?" रेडिओ काही बोलू पाहत होता. आयुष्यात पहिल्यांदा कोणी त्याला बोलू देत नव्हतं. कोणीतरी राखेची अख्खी बादली त्याच्या पाण्याच्या टाकीत ओतली.

ताई पण गेली होती. परत येऊन म्हणाली, "तोंड फाटकं मेल्याचं."

मी मान हलवली.

८ डिसेंबर

रेडिओ आला. दाराबाहेरच उभा राहिला, हात जोडून. "वहिनी, मी बारा-पंधरा सांगितले असतील हो. त्यातले निम्मे चुकले. सगळे हसत होते म्हणून मीही... तुम्हीच सांगा, तुमच्या ह्यांचा नंबर तरी मी घेतला का?"

ताईने दार लावलं. त्याच्या तोंडावर नाही, हळूच. ते जास्त वाईट.

त्याची वीज कोणीतरी खांबावरून तोडली आहे. कॉलनीभरच्या वायरा ज्याने जोडल्या त्याच्या घरात मेणबत्ती. काव्य आहे यात! असं काहीतरी मनात आलं आणि माझी मलाच किळस आली. दोन मिनिटं.

१० डिसेंबर

बस परत आली. एकतीसपैकी एकोणीस अनफिट. भाऊजी त्यांत. महिन्याभरात क्वार्टर खाली.

आता भाऊजी नळ सोडत नाहीत. दार उघडं टाकून खोकतात. जेवताना खोकतात, माझ्याकडे बघत. हात तोंडावर नेत नाहीत. आज खोकून झाल्यावर म्हणाले, "कुठंय तुझं यंत्र? घे ना! आता कशाला गिळू?" ताई ताटावर डोकं टेकवून रडली. मी उठले नाही. उठले असते तर ते म्हणाले असते, बघा, उठली.

सुनावणीत बोलायचं कबूल केलेले सगळे मागे हटले. एकजणसुद्धा येणार नाही. वकीलबाईंनी फोनवर विचारलं, "नावं कशी गेली हो?" मी म्हटलं, "तुम्ही होतात ना तिथे. रेडिओने काय तमाशा केला पाहिलंत ना!"

१२ डिसेंबर

सुनावणी. हॉल भरला होता, पण कॉलनीची खुर्च्यांची रांग रिकामी. वकीलबाई एकट्या बोलल्या. घसा बसला होता बिचारीचा.

मग वेल्फेअरचे साहेब उठले. किती गोड बोलतो हा माणूस! "आपल्या गावात नुकतंच एक अत्यंत हृदयस्पर्शी कलाप्रदर्शन झालं..." मी सावरून बसले. "...आम्ही ते डोळे उघडून पाहिलं. जुन्या यंत्रांमुळे कामगारांचं काय होतं ते त्या कलाकार भगिनीने दाखवून दिलं. आम्ही तातडीने तपासणी केली. म्हणूनच जुना प्लांट लवकर मोडीत काढून नवा, आधुनिक..." पुढे टाळ्या. वरच्या साहेबांनी लिहून घेतलं.

माझ्या एकतीस डब्यांवर नवा प्लांट उभा राहणार! सगळे मागे वळून माझ्याकडे बघत होते. एकाने तर मान लववली. मी काय केलं? मीही लववली. सवयीने.

१३ डिसेंबर

रेडिओ खांबावरून पडला. आज पाच दिवस अंधारात काढल्यावर स्वतःच शिडी लावून वर चढला होता. भर दुपारी. अर्धी कॉलनी दारात उभी राहून बघत होती. शिडी कोणी धरली नाही.

पडल्यावरही पहिली काही मिनिटं कोणी हललं नाही. तो ओरडत होता. नाटकी नव्हतं ते. मी आणि ताई खिडकीत, खांद्याला खांदा लावून. मी ताईकडे पाहिलं, ती जाईल तर जाईन म्हणून. तीही बहुतेक तेच करत होती. शेवटी त्याची बायको आतून धावत आली, मग क्रेनवाला गेला.

कंबरेचं हाड.

१५ डिसेंबर

सामान बांधतोय. भाऊजींनी मला जा म्हटलं नाही, थांब म्हटलं नाही. भांडी कागदात गुंडाळायचं काम माझ्याकडे. एकेक भांडं गुंडाळायच्या आधी ताई पुसते. जिथे जातील तिथे राख नसेल, तरी पुसते.

मध्येच थांबली. "तो नवा फिटर होता ना गं यादीत? हॉस्टेलातला?"

"हो."

"त्याला तर इथे कोणीच ओळखत नाही. मीसुद्धा नाही. मग रेडिओने त्याचं नाव कसं सांगितलं असेल?"

मी म्हटलं, "कळलं असेल कुठून तरी."

"आणि ह्यांचा डबा. सतरा नंबर मी उघडला तेव्हा मागे कोणी नव्हतं. नंतर मी दारात उभी होते, रेडिओने तो उघडलाच नाही." हातातलं पातेलं तसंच धरून बसली. मग एकदम रडायला लागली. "त्याने नाही सांगितलं गं! आपण त्याला मारलं आणि त्याने नाही सांगितलं!"

तोंड धुऊन, डोक्यावरून पदर घेऊन निघाली. हॉस्पिटलात जाऊन रेडिओच्या पाया पडते म्हणाली. "तू येतेस?"

मी म्हटलं, डोकं दुखतंय.

१६ डिसेंबर

तीन तारखेला दुपारी पोस्टात कोणी नव्हतं. वेल्फेअरचे साहेब एकटेच आले. चपला बाहेर काढल्या. म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही, बाई. पण हे तुम्ही कसं केलंत ते अगदी पहिल्यापासून सांगाल का?" दीड तास ऐकत होते. मी एकेक झाकण उघडलं. कोण, कुठल्या कामावर, किती पायऱ्या चढून, सगळं सांगितलं. सतरापाशी म्हटलं, हा आमच्या घरातलाच आहे, आणि सगळ्यांत चांगला हाच आलाय.